मुंबईत हॉस्पिस निवडताना काय बघायचं, काय विचारायचं

टाटामधून किंवा दुसऱ्या कुठल्या मोठ्या हॉस्पिटलमधून "आता केमो पुढे नको, घरी न्या, त्यांना त्रास होणार नाही एवढं आपण बघू" असं सांगितलं जातं आणि मग चार-पाच दिवसांत घरच्यांना बरंच काही ठरवावं लागतं, तेही धड झोप झालेली नसताना. कोणी म्हणतं हॉस्पिस बघा, म्हणजे बरा न होणारा आजार असलेल्या पेशंटचा त्रास कमी करणारी जागा, कोणी ब्युरोचा, म्हणजे घरी मावशी-वॉर्डबॉय पाठवणाऱ्यांचा नंबर देतं, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भराभर नावं येतात आणि त्यातली निम्मी वृद्धाश्रमांची निघतात. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात आम्ही यातून गेलो, नंतर नात्यातल्या आणि बिल्डिंगमधल्या बऱ्याच घरांसोबत मी अशा जागा बघायला गेलेय, त्यामुळे जे विचारायचं असतं ते सगळं एकदा लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे. हॉस्पिस कसं आहे ते रात्री कळतं. दिवसा सगळीकडे डॉक्टर असतात, सोशल वर्कर असतात, लाद्या पुसलेल्या असतात. रात्री अडीचला पेशंट कण्हायला लागला तर उठतं कोण, त्याच्याकडे कुठलं औषध असतं आणि ते द्यायची त्याला परवानगी आहे का, हे तुम्हाला काढून घ्यायचंय. बाकी गार्डन, एसी, भिंतीवरची चित्रं, हे असलं तर छानच.

१. आधी कागद-पेन घ्या

पेशंटची आजची अवस्था लिहा. दुखतंय का, कुठे, दिवसातून किती वेळा. जेवण तोंडाने जातं की नाकातून नळी आहे. लघवीची पिशवी आहे का, जखम आहे का, तिला वास येतो का, ऑक्सिजन लागतो का, आधार दिला तर बाथरूमपर्यंत जातात का. आणि घरात रात्री जागायला कोण आहे, तो माणूस सकाळी आठ-दहाची लोकल पकडून ऑफिसला जातो का. हे शेवटचं कोणी लिहीत नाही आणि घोडं नेमकं तिथेच अडतं.

हा कागद समोर ठेवून ठरवा की भरती करायचंय की घरी टीम बोलवायचीय. हॉस्पिसमध्ये आजार बरा करायचे उपचार थांबलेले असतात, पण दुखणं, दम लागणं, उलट्या, जखमा, झोप न लागणं, भीती वाटणं यांच्यावरचे उपचार जोरात चालू असतात. होम केअरमध्ये तशीच डॉक्टर, नर्स आणि सोशल वर्करची टीम ठरलेल्या दिवशी घरी येते आणि मधल्या दिवसांत फोनवर असते. ब्युरोची मावशी किंवा वॉर्डबॉय अंघोळ घालतात, डायपर बदलतात, कूस बदलून देतात, भरवतात, आणि चांगली मावशी मिळाली तर घर उभं राहतं हे मी स्वतः बघितलंय, पण दुखणं वाढलं तर औषध काय द्यायचं हे ती ठरवू शकत नाही. टीम आणि मावशी या दोन्ही गोष्टी एकत्र लागू शकतात, एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो "रुग्णसेवा केंद्र" छापाच्या पाट्यांमुळे. तिथे कॉट मिळते, जेवण मिळतं, डॉक्टर अधूनमधून चक्कर टाकतात आणि पेशंट जास्त झाला की तुम्हालाच फोन येतो, यांना हॉस्पिटलला हलवा. पायाचं हाड मोडलेल्या आजींना महिनाभर ठेवायला ती सोय ठीक आहे. शेवटच्या स्टेजच्या पेशंटला तिथे ठेवू नका असंच मी सांगेन.

आणि हो, हॉस्पिसमध्ये गेलेला माणूस परत येत नाही असं आपल्याकडे धरूनच चालतात. तसं नसतं. दुखणं आटोक्यात आलं, जखमेचं ड्रेसिंग घरच्यांना जमायला लागलं की बरेच पेशंट घरी जातात, काही ठिकाणी तर घरच्यांना चार दिवस उसंत मिळावी म्हणूनसुद्धा पेशंटला ठेवून घेतात.

२. नावं कुठून मिळवायची

टाटाची फाईल असेल तर सगळ्यात आधी परळलाच जा. तिथे पॅलिएटिव्ह मेडिसिनचं, म्हणजे दुखणं आणि बाकीचा त्रास कमी करायच्या उपचारांचं, स्वतंत्र डिपार्टमेंट आहे, ओपीडी आहे, होम केअरच्या टीम आहेत, आणि तुमच्या भागात कोण येतं हेही तिथेच कळतं. बांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन आहे, १९८६ मध्ये सुरू झालेलं, भारतातलं पहिलं हॉस्पिस. कॅन्सर सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी ते उभं केलं, तिथे ॲडव्हान्स्ड कॅन्सरच्या पेशंटना ठेवून घेतात, कुठल्याही जातीधर्माचा पेशंट चालतो आणि पैसे घेत नाहीत. घरी जाऊन सेवा देणाऱ्यांमध्ये पालकेअर आहे, बांद्र्यात रोमिला पॅलिएटिव्ह केअर आहे. पुण्यात भाऊ-बहीण राहत असतील तर वारज्याचं सिप्लाचं सेंटर १९९७ पासून चालू आहे, त्याचाही विचार करता येतो. पॅलियम इंडिया या केरळच्या संस्थेच्या वेबसाइटवर राज्यांप्रमाणे सेंटरची यादी मिळते. यादीतलं नाव बघून लगेच टॅक्सी काढू नका, कुठे कुठला पेशंट घेतात आणि बेड आहे का हे फोनवर विचारूनच निघा.

३. पहिला फोन

फोनवर फार वेळ मिळत नाही म्हणून महत्त्वाचं आधी. आमच्या पेशंटचा आजार तुम्ही घेता का? बऱ्याच जागा फक्त कॅन्सर घेतात. हार्ट फेल्युअर, फुफ्फुसं निकामी झालेला पेशंट, डायलिसिस थांबवलेला किडनीचा पेशंट, मोटर न्यूरॉन (अंग हळूहळू लुळं पडत जाणारा आजार), डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), यांनाही हीच सेवा लागते पण जागा कमी आहेत, त्यामुळे हे पहिल्याच वाक्यात विचारून टाका. गळ्याला छिद्र करून ट्यूब बसवलेली असेल तर तेही लगेच सांगा, सगळीकडे सक्शनची, म्हणजे ट्यूबमधला कफ मशीनने ओढून काढायची सोय नसते. मग विचारा की नातेवाईकाने चोवीस तास सोबत राहायचं का, की राहूच देत नाहीत. दोन्ही प्रकार आहेत. रात्री ड्युटीवर कोण असतं. जोरदार दुखण्यावरच्या मॉर्फिनच्या गोळ्या तुमच्याकडे मिळतात का.

समोरचा माणूस उत्तरं कशी देतो तेही ऐका. चांगल्या ठिकाणी तुमचा प्रश्न संपायच्या आत तेच तुम्हाला विचारायला लागतात, दुखतंय का, झोप लागते का, घरी कोण कोण आहे, पेशंटला आजाराबद्दल माहितीय का. जिथे पहिला प्रश्न डिपॉझिटचा येतो तिथे मी पुढे फारसं बोलत नाही.

४. मॉर्फिन

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण हॉस्पिसची पारख करायला याच्याइतकं सोपं माप दुसरं नाही.

कॅन्सरच्या जोरदार दुखण्यावर तोंडाने घ्यायचं मॉर्फिन हे जगभर वापरलं जाणारं औषध आहे, डब्ल्यूएचओने १९८६ मध्ये दुखण्याच्या औषधांची जी शिडी घालून दिली तिच्या वरच्या पायरीवर ते आहे. महागही नाही. तरी आपल्याकडे ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही कारण १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याने त्याच्यावर कडक बंधनं आली आणि दुकानदार, हॉस्पिटलं, सगळेच त्या कागदपत्रांना घाबरून लांब राहिले. २०१४ मध्ये कायद्यात बदल झाला, तेव्हापासून राज्याने मान्यता दिलेल्या संस्थांना असली औषधं ठेवता येतात, आपल्याकडे हे काम एफडीए, म्हणजे राज्याचं अन्न व औषध प्रशासन बघतं. म्हणून सरळ विचारा, तुम्हाला ही मान्यता आहे का, स्टॉक कायम असतो का, कधी संपला तर काय करता? "गरज पडली तर बाहेरून मागवतो" हे उत्तर आलं तर समजा की रविवारी रात्री तुमचा पेशंट तळमळणार.

मग पुढचा प्रश्न, औषध कसं देता? साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ लावून देतात, सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला बहुतेक वेळा दुप्पट, म्हणजे मधे उठवायला नको. "दुखलं की सांगा, मग इंजेक्शन देतो" ही पद्धत असेल तर पेशंटला दर वेळी आधी दुखणं सोसावं लागणार, मग मागावं लागणार, मग वाट बघावी लागणार. घड्याळाप्रमाणे औषध चालू असताना मधेच दुखणं उसळलं तर द्यायचा जादा डोसही आधीच लिहून ठेवलेला पाहिजे, आणि रात्रीच्या सिस्टरला तो डॉक्टरला न उठवता देता आला पाहिजे. हा प्रश्न शब्दाला शब्द असाच विचारा: जादा डोस लिहिलेला असतो का, आणि रात्री तो कोण देतं?

डॉक्टर जाणकार आहे का हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच होतो, त्यामुळे माहितगार डॉक्टर त्याच चिठ्ठीवर पोट साफ व्हायचं औषधही लिहितो, पेशंट चार दिवस कुंथत बसायची वाट बघत नाही. दुसरी खूण म्हणजे तो किडनीचा रिपोर्ट, क्रिएटिनिन, बघायला मागतो, कारण किडनी कमजोर असेल तर मॉर्फिन अंगात साचतं आणि डोस कमी करावा लागतो किंवा औषध बदलावं लागतं.

घरातल्या मोठ्यांना भीती असते की याची सवय लागेल, किंवा हे दिलं म्हणजे आता शेवटच. सुरुवातीचे थोडे दिवस पेंग येते, मळमळतं, मग तो त्रास बहुतेकांचा कमी होतो. दुखण्यासाठी डॉक्टरच्या देखरेखीत घेतलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा नशेच्या मागे लागत नाही आणि नीट मोजून दिलेल्या डोसाने मरण लवकर येत नाही. माणूस झोपतो, दोन घास खातो, बोलतो. हे सगळं तुमच्या काकूंना, आत्याला, सगळ्यांना बसवून समजावून सांगायला हॉस्पिसच्या डॉक्टरकडे वेळ आहे का तेही बघा, कारण घरातलं एक माणूस जरी गोळ्या लपवायला लागलं तरी सगळी मेहनत फुकट.

आणि दुखणं सगळं एका जातीचं नसतं. पेशंट म्हणतो ठणकतंय, कळ येतेय, तेव्हा एक औषध चालतं. आग होतेय, मुंग्या येतात, विजेसारखी चमक मारते असं म्हणतो तेव्हा बऱ्याचदा नस दाबली गेलेली असते आणि एकट्या मॉर्फिनने भागत नाही, नसांची वेगळी गोळी जोडावी लागते. म्हणून सिस्टर फक्त "दुखतंय का" विचारते की "कसं दुखतंय, शून्य ते दहात किती" असं विचारून लिहून ठेवते, हे बघायचं. मालवणहून आलेल्या आजोबांचं बोलणं केरळच्या किंवा झारखंडच्या सिस्टरला कळतंय का, नसेल तर दुभाषाचं काम कोण करतं, हाही त्यातलाच प्रश्न.

५. स्वतः जाऊन बघा

दोनदा जा. एकदा रीतसर वेळ घेऊन, एकदा जेवणाच्या वेळेला किंवा संध्याकाळी सातच्या पुढे. बाकीच्या पेशंटचा खासगीपणा म्हणून ते वॉर्डभर फिरू देणार नाहीत, ते बरोबरच आहे, पण एखादी खोली, पॅन्ट्री, बाथरूमसुद्धा दाखवायला नाही म्हणत असतील तर कारण विचारा.

आत गेल्यावर भिंती बघू नका, खाटा बघा. बेल पेशंटच्या हाताशी आहे की भिंतीवर लटकतेय? पाण्याचा ग्लास हात पोचेल तिथे आहे का, त्यात वाकवता येणारी स्ट्रॉ आहे का? पेशंट सगळे उताणेच झोपलेत की कोणी या कुशीवर, कोणी त्या कुशीवर, पाठीला उशी लावलेली? पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाड, टाचा, खुबे इथे कातडी लाल होते आणि बघता बघता जखम होते. एअरबेड लावला म्हणून कूस बदलायची सुटका होत नाही. डायपर बदलताना पडदा ओढतात का? सिस्टर पेशंटला नावाने, "आजोबा", "ताई" म्हणून हाक मारते की "चार नंबर" म्हणते?

वास घ्या. लघवीचा वास आणि त्यावर मारलेला फिनाईलचा भपका दोन्ही वाईट. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरमध्ये जखम उघडी पडते आणि तिला फार वास येतो, त्या वासामुळे पेशंटच नातवंडांना जवळ येऊ देत नाही. जाणकार ठिकाणी ड्रेसिंग करताना मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकच्या गोळीची पूड करून जखमेवर टाकतात, वास बराच उतरतो. "जखमेच्या वासाचं काय करता" असं विचारलं की लगेच उत्तर आलं पाहिजे.

तोंड बघा, पेशंटचं. एका जागी मी गेले होते तेव्हा सिस्टर एका आजींच्या खाटेशी स्टूल घेऊन बसली होती. मांडीवर स्टीलची वाटी, वाटीत कोमट पाणी, बोटाला गॉझ गुंडाळलेला, आणि ती आजींच्या गालाची आतली बाजू, जिभेवरचा पांढरा थर हलकेच पुसत होती. मधेच थांबून "आजी, गिळू नका हां, इथे थुंका" म्हणत किडनी ट्रे पुढे करायची, परत गॉझ बदलायची. शेवटी ओठांना व्हॅसलिन लावलं आणि विचारलं, आता चहा पिणार का? तिची आमच्याकडे पाठ होती, आम्ही आलोय हेही तिला माहीत नव्हतं. खाणंपिणं कमी झालं की तोंड कोरडं पडतं, बुरशी येते, चव जाते, आणि हे काम कुठल्याच बिलात दिसत नाही म्हणून सगळ्यात आधी तेच गळतं. त्या जागेचं नाव मी नंतर दोन घरांना सुचवलं ते एवढ्यावरूनच.

याच्या उलटही बघितलंय. चांगले पैसे घेणाऱ्या एका ठिकाणी एका खोलीतल्या सगळ्यांना नाकातून नळी होती. विचारलं तर म्हणाले, नळीने पटकन होतं, भरवायला माणूस गुंतून पडतो. त्यातल्या एका काकांना मी माझ्या डोळ्यांनी बिस्किट मागताना बघितलं. एखाद्याला नळी लागतेच, पण सगळ्यांना नळी, सगळ्यांना कॅथेटर (लघवीची नळी), सगळ्यांना झोपेचं औषध असं दिसलं तर तिथून निघा. हात बांधलेले दिसले तरी निघा. आणि "आमच्याकडे आणा, आम्ही बरे करतो" असं कोणी म्हणालं तर ते हॉस्पिसच नाही.

६. माणसं कोण आहेत

डॉक्टरने पॅलिएटिव्हचं शिक्षण कुठे घेतलंय ते विचारायला लाजू नका. आता भारतात पॅलिएटिव्ह मेडिसिनमध्ये एमडी होता येतं, ते नसेल तर इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा सर्टिफिकेट कोर्स बऱ्याच डॉक्टर-नर्सनी केलेला असतो. नर्स खरंच रजिस्टर्ड, जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स केलेली आहे की युनिफॉर्म घातलेली अटेंडंट, हे वेगळं विचारा, विशेषतः रात्रीच्या शिफ्टबद्दल. सोशल वर्कर, समुपदेशक, फिजिओ असले तर उत्तम. डॉक्टर रोज येतात की एक दिवसाआड, तेही.

७. टीम घरी येणार असेल तर

मुंबईत घरीच सगळं निभावणारे खूप आहेत आणि नीट टीम मिळाली तर ते छान होऊ शकतं. पण इथे शहराचे स्वतःचे प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न हद्दीचा. कोणी दहिसरपर्यंत येतं, कोणी मुलुंडपर्यंत, वसई-विरार, डोंबिवली, पनवेलकडच्यांनी पत्ता आधीच स्पष्ट सांगा. आठवड्यातून किती वेळा येणार, पेशंट जास्त झाला तर मधेच येणार का? रात्रीच्या फोनवर कोण असतं? पेशंटचं नाव नोंदवलं की एखाद्या रात्री दहा-अकराला, खरी शंका असेल ती विचारायला, फोन लावून बघा. पेशंटची माहिती असलेली नर्स बोलते की "सकाळी फोन करा" म्हणणारं कोणी उचलतं, हे खरी गरज पडायच्या आत कळलेलं बरं.

पावसाळ्याचं बोला. हिंदमाताला पाणी भरलं, मिलन सबवे बंद झाला की टीमची गाडी येणार नाही हे आपल्याला माहितीय, त्यांनाही माहीत असतं. चांगली टीम जून-जुलैत औषधाचा जास्त साठा देऊन ठेवते, आणि दम लागला, फिट आली, रक्त आलं तर कुठलं औषध कसं द्यायचं हे लिहून, घरच्यांकडून एकदा करवून घेऊन, एका डब्यात भरून जाते. व्हिडिओ कॉलवर जखम दाखवली तर चालते का विचारा. चाळीत, एसआरएच्या बिल्डिंगमध्ये किंवा जुन्या सोसायटीत स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावत नाही, पेशंटला खुर्चीवर बसवून किंवा चादरीत उचलून न्यावं लागतं. तर ऐनवेळी कोण उचलणार, टीमचा माणूस मदतीला येतो का, हेही आधीच बोलून घ्या.

आणि एक प्रश्न जो विचारताना जीभ रेटत नाही, पण विचाराच: घरीच गेले तर मृत्यूचं सर्टिफिकेट कोण देणार, पहाटे चार वाजले असले तरी? घरी मृत्यू झाला की उपचार करणाऱ्या डॉक्टरला कारणाचं सर्टिफिकेट लिहून द्यावं लागतं, त्याला फॉर्म ४-ए म्हणतात, तो कागद असल्याशिवाय स्मशानात पुढचं काम होत नाही. पेशंटला कधी न बघितलेला फॅमिली डॉक्टर ते द्यायला सहसा तयार होत नाही, आणि त्याची बाजूही बरोबर आहे. काही होम केअर टीम स्वतः येऊन देतात, काही तुमच्या जवळच्या डॉक्टरला आधीच फाईल दाखवून ठेवायला सांगतात. जिथे या प्रश्नाला गोल गोल उत्तर मिळतं तिथे दुसरी सोय तुम्हाला करावी लागेल, म्हणून आजच कॉलनीतल्या डॉक्टरना एकदा घरी बोलावून पेशंट दाखवून ठेवा.

८. पैसे

फुकट आहे म्हणजे हलकं असेल आणि महाग आहे म्हणजे चांगलं असेल, दोन्ही डोक्यातून काढा, यातलं बरंच चांगलं काम ट्रस्ट आणि देणग्यांवर चालतं. पैसे घेणारी जागा असेल तर रेट लेखी मागा आणि त्यात काय काय धरलंय ते विचारा: डायपर, ड्रेसिंग, ऑक्सिजन, एअरबेड, रात्रीची व्हिजिट, ॲम्ब्युलन्स. मधेच घरी नेलं किंवा पेशंट गेला तर डिपॉझिट किती दिवसांत परत? मेडिक्लेम असेल तर टीपीएला, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या कंपनीला, भरतीच्या आधीच मेल करा, हॉस्पिसचं बिल चालेल असं गृहीत धरू नका.

९. पुन्हा आयसीयूत न्यायचं का

हे हॉस्पिसवाल्यांशी पहिल्याच आठवड्यात बोला. दम वाढला, बीपी पडलं तर ते काय करतात? इथेच औषध देऊन शांत करतात, की ॲम्ब्युलन्स बोलावून मोठ्या हॉस्पिटलला पाठवतात? शेवटच्या दिवसांत घशात घरघर होते, जेवण बंद होतं, पेशंट जास्त वेळ झोपून असतो. जे हे आधीच घरच्यांना बसवून सांगतात त्यांच्याकडे ऐनवेळी पळापळ होत नाही. जेवत नाहीत म्हणून सलाईन लावा असा आग्रह आपणच करतो, आणि त्याने अंगाला सूज, छातीत पाणी वाढू शकतं. हे शांतपणे समजावणारा डॉक्टर पाहिजे, नातेवाईक भांडतात म्हणून बाटली लटकवणारा नको.

पेशंट शुद्धीवर असेल, त्याची इच्छा असेल तर लिव्हिंग विल, म्हणजे पुढे बरं व्हायची आशा नसेल तेव्हा कुठले उपचार नकोत ते लिहिलेला कागद, करून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरकडून ते साक्षांकित केलं की झालं, आधीसारखं मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. पेशंटला बोलता येणार नाही तेव्हा त्याच्या वतीने कोण बोलणार त्याचं नाव त्यात लिहायचं असतं. मुंबईत पालिकेच्या वॉर्डातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना हे कागद सांभाळायला नेमलेलं आहे. एक कॉपी हॉस्पिसच्या फाईलला लावा आणि त्यांनी ती वाचून तुमच्याशी बोलणं केलं का ते बघा.

१०. पेशंटला काय सांगायचं

"त्यांना कॅन्सर आहे हे सांगू नका" असं जवळजवळ प्रत्येक घरातून हॉस्पिसला सांगितलं जातं. यावर ते काय म्हणतात ते ऐका. जे लगेच "बरं बरं" म्हणून मोकळे होतात ते मला पटत नाहीत आणि जे तुमच्या देखत जाऊन पेशंटला सगळं सांगून टाकतात ते तर नाहीच नाही. मला आवडलेल्या डॉक्टरबाई आधी घरच्यांना विचारतात, तुम्हाला भीती कशाची वाटतेय, मग पेशंटजवळ बसून विचारतात, "तुम्हाला काय वाटतं, काय झालंय तुम्हाला?" बऱ्याचदा पेशंटला सगळं माहीत असतं आणि तोच घरच्यांना सांभाळत असतो. ते एकदा मोकळं झालं की बँकेचं काम, गावच्या घराचं, मुलीला भेटायचं राहिलेलं, सगळं बोलता येतं.

तिथे लहान मुलांना आत सोडतात का, रेडिओवर भजन किंवा मॅच लावू देतात का, आवडीचा मासा घरून आणलेला चालतो का, गंगाजल, नमाज, प्रार्थना, ज्याचं जे असेल त्याला मोकळीक आहे का, हेही विचारून घ्या. माणूस गेल्यानंतर ते घरच्यांना फोन करतात का, त्यांच्या सोशल वर्कर नंतर भेटतात का, तेही. ज्या जागा हे करतात त्या सहसा बाकीचंही नीट करतात.

११. पहिला आठवडा, आणि नाही पटलं तर

भरती झाल्यावर किंवा टीम सुरू झाल्यावर एक वही ठेवा. वेळ, औषध, दुखणं दहात किती, शी झाली का, झोप किती. दोन-तीन दिवसांत दुखण्याचा आकडा खाली यायला लागला पाहिजे, निदान रात्रीची झोप तरी लागायला पाहिजे. नाही आली तर वही दाखवून डॉक्टरशी बोला, डोस बदलतात का, दुसरं औषध जोडतात का बघा. वही बघून आनंद होणारे डॉक्टर असतात, त्यांना धरून ठेवा.

तक्रार करायची तर आधी सिस्टर इन्चार्जकडे, तारीख-वेळ सांगून, शांतपणे. नाइटच्या मुलीवर ओरडू नका, बऱ्याचदा ती एकटी पंधरा खाटा बघत असते, आणि तसं असेल तर तक्रार त्याचीच करा. लाल झालेली कातडी, चुकलेला डोस याचं उत्तर टाळत असतील, तेच तेच परत होत असेल, तर जागा बदला. त्यात कृतघ्नपणा काही नाही. निघताना डिस्चार्ज समरी, चालू औषधांची वेळेसकट यादी, शेवटचा मॉर्फिनचा डोस किती वाजता दिला ते, आणि नव्या जागी पोचेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या मागून घ्या. बेड मिळाल्याचं नव्या ठिकाणाहून पक्कं झाल्याशिवाय जुना सोडू नका, आणि घरी उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या कचऱ्यात टाकू नका, कोणाला देऊही नका, जिथून घेतल्या तिथे मोजून परत करा.